उतरलेला पंचम

गाण्याच्या वर्तुळात त्यांना सगळे कानसेनबाई म्हणत. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं लोक गमतीने म्हणतात. बाईंच्या बाबतीत त्यात गंमत कमी होती. एकोणिसाव्या वर्षी गुरूंनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं की गळा तुझा बेताचा, पण असा कान हजारात एखाद्याला मिळतो. तेव्हा गाणं सोड आणि ऐकायला लाग. दुसरी कोणी असती तर तिने महिनाभर अंथरूण धरलं असतं. बाई दोन दिवस रडल्या, तिसऱ्या दिवशी वही घेऊन मैफलीला गेल्या आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं जातच राहिल्या.

पोटासाठी त्या एका दैनिकात मुद्रितशोधक होत्या. छापायला जाणारं पान वाचायचं आणि त्यातल्या चुकांवर लाल खुणा करायच्या, हे त्यांचं काम. दिवसा लेखी चुका काढायच्या आणि संध्याकाळी तोंडी, असं त्यांचा धाकटा भाऊ म्हणे. गुरुवारी पाचव्या पानावर गाण्या-नाचाचं त्यांचं सदर येई. ते त्यांनी अडतीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं, आई गेली त्या आठवड्यातसुद्धा. लग्न केलं नाही. भाऊ आणि भावजय यांच्यासोबत तिसऱ्या मजल्यावर राहत. भावजय मोकळ्या स्वभावाची. कुकरची शिट्टी सुरात झाली की नाही हे वन्संना विचारल्याशिवाय आमच्याकडे गॅस बंद होत नाही, असं ती आल्यागेल्याला सांगे आणि बाई गालातल्या गालात हसत.

सभागृहात पहिल्या रांगेतली डावीकडची टोकाची खुर्ची बाईंची. तिच्या डाव्या अंगाला दार होतं, म्हणजे त्या बाजूने कुजबुज, चपलांचे आवाज, दाराची करकर सगळं यायचं. एखाद्या सुराची शंका आली की बाई डाव्या कानात बोट घालत, मान खाली करत आणि तो सूर नुसत्या उजव्या कानाने पारखत. ते बोट मंचावरून स्पष्ट दिसे. भल्याभल्या गवयांची ते बोट पाहून भंबेरी उडे. एका नावाजलेल्या गायकाने तर गाणं मध्येच थांबवून तंबोरा पुन्हा लावायला घेतला होता, आणि नंतर कळलं की बाईंच्या कानाला नुसती खाज सुटली होती. हा किस्सा बाई स्वतःच रंगवून सांगत.

पण त्या कोणाला पाण्यात पाहत नसत, हेही सांगायला हवं. ज्या सुराने त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, त्याबद्दल त्या तितक्याच मोकळेपणाने लिहीत. नर्तकीचं पाऊल तालाच्या पहिल्या मात्रेवर नेमकं पडलं की नाही, हे त्या डोळे मिटून सांगत आणि पडलं असेल तर तिला घरी जाऊन सांगून येत. बाईंनी चांगलं म्हटलं की त्या मुलीला कार्यक्रम मिळत आणि वाईट म्हटलं की मिळत नसत. आपल्या दोन ओळींना एवढं वजन आहे याचा त्यांना अभिमान होता. का नसावा? दुसरं होतं काय त्यांच्याजवळ?

त्या वर्षी एक नवी मुलगी गायला बसली. बावीस वर्षांची, अंगाने उंच, वडील शिंपी. गाण्याच्या मास्तरांनी तिला बारा वर्षं शिकवलं होतं आणि हा तिचा पहिलाच मोठा कार्यक्रम होता. पहिला अर्धा तास ती इतकं सुरेख गायली की बाईंची वही मांडीवर तशीच पडून राहिली. मग ती वर गेली, तारसप्तकात, आणि तिने पंचमावर मुक्काम केला. सा रे ग म नंतर येणारा हा प म्हणजे गाण्यातला भरवशाचा सूर. तंबोऱ्यावरच तो वाजत असतो, त्यामुळे तो चुकायला काही कारणच नसतं. बाईंना तो खाली वाटला. त्यांनी डाव्या कानात बोट घातलं. आता तर तो चांगलाच खाली आला. मुलीने ते बोट पाहिलं असावं, कारण ती एकदा अडखळली, पण पुन्हा तिथेच गेली. चारदा गेली आणि चारही वेळा बाईंनी वहीत फुली मारली.

गुरुवारी छापून आलं: ‘आवाज गोड आहे, तयारीही आहे. पण वरचा पंचम दर वेळी उतरला. एकदा उतरला असता तर गळा दमला म्हणून सोडून दिलं असतं. दर वेळी उतरतो तेव्हा चूक गळ्याची नसते, कानाची असते.’ शेवटचं वाक्य बाईंना फार आवडलं होतं. पानाचं मुद्रित त्यांनीच तपासलं आणि त्या वाक्याशी लाल पेन क्षणभर कौतुकाने थांबलं.

पुढच्या सोमवारी संगीत मंडळाच्या चिटणिसाने वार्षिक संमेलनाच्या यादीतून त्या मुलीचं नाव काढलं. मास्तरांनी बाईंना दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. ‘बाई, मी तिच्यामागे तंबोरा घेऊन बसलो होतो. पंचम लागला होता.’ बाईंनी ती वाचून ड्रॉवरमध्ये टाकली. आपला तो बाब्या, असं मनाशी म्हणाल्या आणि विसरून गेल्या.

चार महिने गेले. एका रविवारी दुपारी बाई डाव्या कुशीवर पडल्या होत्या आणि मोरीत कपड्यांचं यंत्र चालू होतं. धुणं संपलं की ते पाचदा वाजतं. तीन वेळा वाजलं, तेवढ्यात बाईंनी कूस बदलली आणि उरलेल्या दोन वेळा ते वरच्या सुरात वाजलं. त्या उठून बसल्या. यंत्राचा आवाज बदललाय का, असं त्यांनी भावजयीला विचारलं. ती म्हणाली, सहा वर्षं त्याचं तेच रडगाणं आहे वन्सं, बदलेल कशाला.

बाईंनी भावाची पेटी माळ्यावरून काढायला लावली. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्टी. कान झाकायला तिसरा हात कुठून आणायचा? त्यांनी कापसाचे बोळे केले. आधी उजव्या कानात बोळा घालून खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवली. सगळं ठीक होतं. मग बोळा डाव्या कानात घातला. खालचे सूर जागच्या जागी होते, मधलेही होते. वरच्या मध्यमापाशी आल्यावर पेटी घसरली. पंचमाची पट्टी तर सरळ खाली बसली. त्यांनी बोळा या कानातला त्या कानात, त्यातला पुन्हा यात असा वीसेक वेळा बदलला. भाऊ दारात उभा राहून बघत होता. चहा गार झाला, असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने बहिणीचा चेहरा पाहिला आणि कप उचलून आत नेला.

कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की वयाने असं होतं. कानाच्या आतल्या भागाचा एक तुकडा झिजतो आणि तेवढेच सूर त्या कानाला वेगळे ऐकू येतात. यावर उपाय नाही, पण घाबरण्यासारखंही काही नाही. दोन्ही कान उघडे असले की मेंदू बरंचसं सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. नुसत्या त्या एका कानाने ऐकलं तरच फरक ठळक जाणवेल, आणि एका कानाने ऐकतं कोण? डॉक्टर हसला. बाईंनी विचारलं की हे कधीपासून असेल. तो म्हणाला, वर्ष असेल, दीड वर्ष असेल, सांगता येत नाही.

बाई घरी आल्या त्या थेट कात्रणांच्या फायली काढून बसल्या. गेल्या दीड वर्षात त्यांनी ‘उतरलेला’, ‘किंचित खाली’, ‘सुराला न शिवणारा’ असं अकरा जणींबद्दल लिहिलं होतं. त्याआधीच्या दहा वर्षांत मिळून एवढ्यांबद्दल लिहिलं नव्हतं. अकराही जणी उंच आवाजाच्या होत्या. त्यातल्या काही खरोखरच बेसूर गायल्या असतील. पण कोणत्या, हे आता कोण सांगणार? शिंप्याच्या मुलीवरचं कात्रण त्यांनी शेवटी वाचलं. चूक गळ्याची नसते, कानाची असते. त्या बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा लिहिला. आपला उजवा कान बिघडला आहे, अमुक तारखेपासूनचे आपले शेरे धरू नयेत आणि त्या मुलीचा पंचम बरोबर होता असं मानावं. संपादकाने तो दोनदा वाचला. तो बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली मुद्रितं तपासायला शिकलेला. तो म्हणाला, “बाई, हे छापलं तर दीड वर्षाचं नाही, अडतीस वर्षांचं जाईल. लोक म्हणतील, कान आधीपासूनच तसा नव्हता कशावरून? आणि चार महिन्यांपूर्वीचा पंचम कोणाच्या लक्षात असतो? यापुढे नाचावर लिहा. डोळे शाबूत आहेत ना?”

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो त्यांना वाचवतच होता. आणि बाईंनाही वाचायचं होतं, खोटं कशाला सांगा. पहिल्या रांगेतली ती खुर्ची गेली तर संध्याकाळी सहानंतर जायचं कुठे, हेच त्यांना माहीत नव्हतं. खुलाशाचा कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि मूग गिळून बसल्या.

तीन आठवडे त्यांनी नाचावर लिहिलं. पण नाच म्हणजे का नुसते हातपाय? तिसऱ्या आठवड्यात एक नर्तकी विरहाचा प्रसंग करत होती. मागे गाणारी बाई वरच्या सुरात गेली की नर्तकीचा चेहरा उजळत होता, आणि बाईंना तो सूर खराच तसा होता की नाही तेच कळत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, चुकून बोट कानाकडे जाऊ नये म्हणून. मग घरी जाऊन त्यांनी मुद्रांबद्दल, नजरेबद्दल आणि पोशाखाच्या रंगाबद्दल लिहिलं. पोशाखाच्या रंगाबद्दल! उभ्या आयुष्यात त्या हे करणाऱ्यांना हसत आल्या होत्या.

त्याच कार्यक्रमाच्या मध्यंतरात मास्तर भेटले. बाईंनी टाळायला पाहिलं, पण ते समोरच आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. ती मुलगी शिकायला येत नाही म्हणाले, तीन महिने झाले. “मी तिला सांगत होतो की तुझा पंचम बरोबर आहे. ती म्हणाली, मास्तर, तुम्ही माझे लाड करता. बाई खरं ते सांगतात. आणि उठून गेली.”

उरलेला नाच बाईंनी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सुट्टी सांगून त्या दोन बस बदलून शिंप्याच्या दुकानी गेल्या. दुकानाच्या मागून जिना वर जात होता आणि वर दोन खोल्या होत्या. शिंप्याने त्यांना ओळखलं तेव्हा तो गळ्यातली टेप तशीच ठेवून उठला आणि खुर्ची पुसून पुढे केली. दार लावून घेतलं असतं, चार शब्द सुनावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. तो हात जोडून म्हणाला, “तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. कान टोचावे तर सोनारानेच. पोरीने फार मनावर घेतलं. रोज चार तास फक्त तो एक सूर घोटते. आता तुम्हीच ऐका, झाला की नाही बरोबर.”

आधी माझं ऐकून घ्या, असं बाई त्याच्यामागे जिना चढतानाही म्हणत होत्या. पण मुलगी आतून तंबोरा घेऊन आली होती. ती वाळली होती आणि डोळे मोठे दिसत होते. बाई आपल्या घरी आल्या याचा तिला एवढा आनंद झाला होता की बोलणं तिच्या कानावर जातच नव्हतं. ती खाली बसली, तंबोरा लावला आणि डोळे मिटून गाऊ लागली. मध्यसप्तकात थोडी फिरली आणि मग वर चढली. चव्वेचाळीस वर्षांची सवय. बाईंचं बोट डाव्या कानात गेलं.

पंचम अगदी सुरेल होता. उजव्या कानाला तो तंबोऱ्याच्या तारेशी चिकटून लागल्यासारखा ऐकू आला. कुठेही केसभर खाली नाही, वर नाही.

 बाईंनी डाव्या कानातलं बोट काढून उजवा कान तळहाताने गच्च झाकला. पंचम चढलेला होता, तंबोऱ्यापासून चांगला वर निघून गेलेला. मुलगी तो न डगमगता धरून बसली होती. बिघडलेल्या कानाला बरोबर वाटावा इतका नेमका बेसूर पंचम तिने, ‘उतरला’ हे खरं मानून, रोजचे चार तास घालून स्वतःला शिकवला होता.

“थांब,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. कान, यंत्र, पेटी, डॉक्टर, अकरा कात्रणं, सगळं. पर्समधला कागद काढून शिंप्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या की संपादक छापत नसेल तर हे घेऊन दुसऱ्या पेपरात जा, माझी सही आहे खाली. शिंप्याने कागद वाचला.  मग त्याने तो घडीवर घडी घालून परत केला. लोक म्हणतील, बापाने म्हातारीला धरून लिहून घेतलं, असं तो हळूच म्हणाला आणि खाली दुकानात निघून गेला. शिलाईचं यंत्र मात्र सुरू झालं नाही.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, “म्हणजे आधीचा बरोबर होता?”

“बरोबर होता. तुझे मास्तर खरं सांगत होते. तसाच लाव पाहू पुन्हा.”

तिने लावला. चढलेला होता. बाईंनी उजवा कान झाकून धरला होता. अजून खाली, त्या म्हणाल्या. तिने खाली घेतला तर तो कोसळलाच. पुन्हा वर घेतला तर त्याच नव्या जागी जाऊन बसला, जणू तिथेच त्याचं घर. तंबोरा ऐक, बाई म्हणाल्या, त्याच्यातच वाजतोय तो, नुसता त्यात मिसळ. मुलगी मान हलवे आणि पुन्हा लावी. दहावा की बारावा प्रयत्न असेल, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की तिचं तंबोऱ्याकडे लक्षच नाही. सूर लावला की ती त्यांच्या तोंडाकडे बघते, त्यांच्या कपाळाला आठी पडते का ते पाहते आणि तेवढ्यावरून सूर वरखाली करते.

“माझ्याकडे बघू नकोस,” बाई म्हणाल्या. “मी बाहेर जाऊन उभी राहते. तू एकटी लाव.”

त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि दार ओढून घेतलं. आयुष्यात कधी त्यांनी एखादा सूर लागावा म्हणून अशी भीक मागितली नव्हती. देवावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, तरी त्यांनी हात जोडले. मग कान झाकायला हात लागतो म्हणून सोडले. खाली शिंपी कापडावर हात ठेवून वर बघत होता. आत तंबोरा वाजत राहिला. बराच वेळ नुसता तंबोराच वाजला. मग मुलीने पंचम लावला आणि लांब, एका श्वासात धरून ठेवला.

तो संपला. तंबोरा थांबला. पावलं वाजली आणि मुलीने दार उघडलं.

“बरोबर होता का, बाई?”

“तुला काय वाटलं?”

मुलगी उंबऱ्यात उभी राहिली. तिने खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या पडेपर्यंत.

“मला नाही कळत आता,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा.”